उशिराबाईचा मका

पहिलं कणीस सोललं तेव्हा गिरणीवाल्याला वाटलं, आपल्याच डोळ्यांत काहीतरी गेलंय. पांढऱ्या दाण्यांच्या ओळींत मधेच पिवळे दाणे होते. एक इथे, दोन तिथे, टोकाकडे तर चांगला झुबका. त्याने कणीस दारातल्या उजेडात धरलं, दाण्यांवरून अंगठा फिरवला. पिवळे ते पिवळेच. दुसरं सोललं, त्यातही तेच. तिसरं पांढरं निघालं म्हणून जीव भांड्यात पडतोय तोवर त्याने ते उलटं केलं, तर मागच्या बाजूला पिवळी रांग.

समोर त्याची मेहुणी बसून सोलत होती. बायकोची धाकटी बहीण. केस पिकले तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. तिने हातातलं कणीस खाली ठेवलं आणि गप्प बसली. धाकटी गप्प बसली की समजावं, काहीतरी मोठं बिघडलंय.

"भावजी, पेरणी कधी केलीत?"

"कधी म्हणजे? सगळ्यांबरोबर. बारक्या आणि गल्लीतली मंडळी आली होती. एका दिवसात उरकलं."

"सगळ्यांबरोबर," धाकटी म्हणाली. "मग संपलंच की."

गिरणीवाल्याचा जन्म दळण्यात गेला होता. शेत बायकोचं. घरामागे उतारावर असलेला तो तुकडा तिने माहेरहून आणलेल्या पांढऱ्या मक्यासाठी राखला होता. तिच्या आईचा मका, आईच्या आईचा मका. दुसरं काही तिने त्यात कधी पेरलं नाही. गिरणीवाल्याचा त्या मक्याशी संबंध यायचा तो दळताना. त्याचं पीठ हाताला गार लागायचं, एवढं त्याला माहीत होतं. बाकी तिचं तिला ठाऊक.

ती पेरणीच्या तोंडावर गेली. छातीत दुखतंय म्हणत स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली, ती तशीच. त्या वेळी गिरणी चालू होती. गिरणी चालू असली की घरातली हाक ऐकू येत नाही. तिने हाक मारली होती की नाही, हे त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि त्याबद्दल तो कोणाशी बोलत नसे.

"ताई उशिरा का पेरायची, तुम्हाला काय वाटायचं?" धाकटीने विचारलं.

"सवय तिची."

सवयच वाटायची सगळ्यांना. सगळ्यांची पेरणी होऊन रोपं गुडघ्याला लागली की ही बाई पिशवी काखेत मारून शेताकडे निघायची. गल्लीने तिचं नावच उशिराबाई पाडलं होतं. "उशिराबाई, तुमचं लग्न तरी वेळेवर लागलं का?" असं शेजारच्या शेतातला बारक्या कुंपणावरून ओरडायचा. "नवरा वेळेवर आला असता तर लागलं असतं," असं ती तिकडून ओरडायची, आणि गिरणीवाला गिरणीत बसून हसायचा.

"चहूकडे पिवळा मका आहे," धाकटी सांगू लागली. "कंपनीचा, जनुकं बदललेला. त्याचे तुरे फुलले की पराग वाऱ्यावर उडतो. समोर ज्या कणसाला केस फुटलेले असतील त्यावर जाऊन बसतो. म्हणून ताई थांबायची. त्यांचे तुरे वाळले की मग हिच्या कणसांना केस फुटायचे. मोजूनमापून उशीर करायची ती."

"मग मला का नाही बोलली?"

"तुम्हाला सांगितलं की तुम्ही गिरणीत सांगणार. गिरणीत सांगितलं की बारक्याला कळणार. आणि शेजाऱ्याला कसं सांगायचं, की बाबा रे, तुझ्या शेतातल्या धुळीने माझं वाण बाटतं? जन्माचं वाकडं येईल. ताई म्हणायची, त्यापेक्षा आळशी म्हणू देत."

गिरणीवाल्याने सोललेली कणसं एका बाजूला सारली. सगळी गल्ली त्याच्यासाठी आली होती. माणूस गेलेल्या घरी पेरणी अडून राहू नये म्हणून आपलं काम बाजूला ठेवून आली होती. त्याने सगळ्यांना चहा पाजला होता, बारक्याला मिठी मारून रडला होता. आणि बारक्याने बियाण्याचा डबा उपडा करून, तळाला थाप मारून शेवटचा दाणासुद्धा मातीत टाकला होता. "वहिनींचं बी आहे दादा, एक दाणा वाया घालवायचा नाही."

ती दरवर्षी अर्धं बी मागे ठेवायची, हेही धाकटीने त्या दिवशीच सांगितलं. माणसं चांगुलपणा करायला आली आणि हातचं राखलेलंही पेरून गेली.

धाकटीच्या ओळखीची एक मुलगी बियाणं तपासणी केंद्रात होती. ती दुसऱ्या दिवशी आली. तिने पिवळे दाणे कुटले, पाण्यात घोळवले आणि त्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टीवर एक रेघ आली तर साधा मका, दोन आल्या तर बदललेला. ओट्यापाशी तिघंही पट्टीकडे बघत उभी राहिली. दोन रेघा आल्या. लाल, ठसठशीत.

"पण काका, घाबरू नका," ती म्हणाली. "पिवळा पराग पांढऱ्या कणसावर पडला की तो दाणा पिवळा होतो. म्हणजे बिघडलेला दाणा आपला आपण दिसतो. पिवळे काढून टाकायचे, पांढरे ठेवायचे. कष्ट आहेत, पण होईल."

"अर्जाचं काय?" धाकटीने विचारलं.

अर्ज बायकोचा होता. कंपनीने आता नवीन वाण आणलं होतं, आणि ते पांढरं होतं. त्याला परवानगी द्यायची की नाही यासाठी सरकारी समिती येणार होती. नियम असा होता की ज्या ठिकाणी जुनं वाण शुद्ध टिकून आहे, त्याच्या भोवतीची शेतं नव्या वाणाला बंद राहतील. बायकोने मरायच्या आधी त्या हद्दीसाठी अर्ज केला होता. आता अर्जदार म्हणून सुनावणीला गिरणीवाल्याला जायचं होतं, आणि शुद्ध म्हणून दाखवायला त्याच्याकडे ही ठिपक्याठिपक्यांची कणसं होती.

सुनावणी सरकारी कचेरीच्या मोठ्या खोलीत होती. बाहेरच्या लांब गॅलरीत माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. कंपनीचा साहेब आपण होऊन गिरणीवाल्याजवळ आला. तरुण होता, बोलायला गोड.

"काका, बाईंचं कळलं. वाईट झालं. त्या मागच्या बैठकीत माझ्याशी चांगल्या तासभर भांडल्या होत्या."

"ती भांडायची," गिरणीवाला म्हणाला.

साहेबाने खिशातून छोटी पुडी काढली आणि चार दाणे गिरणीवाल्याच्या तळहातावर ठेवले. "बघा तर. तुमचा जन्म धान्यात गेला. हे नवीन वाण. पुढे तुमच्या गिरणीत हेच दळायला येईल. बाईंच्या मक्यासारखंच आहे की नाही?"

गिरणीवाल्याने दाणे चिमटीत फिरवले, दाताखाली धरून पाहिले. रंग तोच, आकार तोच, वजनही तेच. बायकोच्या डब्यात हे चार दाणे पडले असते तर त्याला निवडून काढता आले नसते. तिलाही आले नसते. त्याने दाणे परत दिले, आणि आत जाण्याआधी नळावर हात धुतले. का धुतले ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आत टेबलापलीकडे अध्यक्षबाई, त्यांच्या बाजूला एक शास्त्रज्ञ आणि एक लिहून घेणारा. पहिल्यांदा बारक्या उठला. याला बारक्या म्हणत ते थट्टेने; अंगाने इतका आडवा, की दारातून तिरका होऊन आत यायचा.

"मॅडम, मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "मी आधी जुना मका करायचो. अळी पडली की फवारायचो. एका वर्षी वारा फिरला, औषध तोंडावर आलं. आठ दिवस डोळे उघडत नव्हते. माझी बायको दोनदा दवाखान्यात. पिवळा मका आला तेव्हापासून फवारणी सुटली. कोणी म्हणतं विष आहे, कोणी म्हणतं अमृत आहे. मला एवढंच कळतं की माझ्या बायकोचा खोकला गेला. पांढऱ्याला भाव चांगला आहे. तो आला तर मला हवाय. वहिनींचा मान आहे, पण हद्द घातली तर माझं अर्धं शेत त्या हद्दीत जातं."

खोटं काहीच बोलला नव्हता तो. गिरणीवाल्याने त्याच्या बायकोचा तो खोकला ऐकलेला होता.

कंपनीचा साहेब नंतर उठला. त्याचं दोन वाक्यांत झालं. नियम शुद्ध वाणासाठी आहे. अर्जदाराचं वाण आता शुद्ध नाही, हे कणसं बघून कोणालाही दिसेल.

"अर्जदारांना काही सांगायचं आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

गिरणीवाला उभा राहिला. रात्रभर घोकलेलं सगळं विसरला. "बाई, पिवळा आहे म्हणून दिसतंय," तो म्हणाला. "दिसतंय म्हणून निवडता येतंय. उद्या पांढऱ्यात पांढरा पडला तर काय निवडायचं?"

शास्त्रज्ञाने मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं. नवीन वाणाच्या अहवालात मीही ते नोंदवलंय. एकदा पांढरा इथे आला की डोळ्यांनी वेगळं करणं बंद. पण अर्जाचा प्रश्न वेगळा आहे. आज यांच्याकडे शुद्ध बी आहे का?"

"होतं!" धाकटी मागून ओरडली. "या लोकांनी उपकार केले आणि बाटवलं! मदतीला आले आणि सगळं एकाच दिवशी पेरून गेले!"

"ए बाई!" बारक्या वळला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "मयताच्या घरी मदतीला गेलो ते चुकलं का? आम्हाला काय माहीत? तुझ्या बहिणीने कधी तोंड उघडलं?"

"तुम्हाला सांगून काय उपयोग झाला असता?"

"विचारून तरी बघायचं!"

अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला. खोली शांत झाल्यावर त्या जरा वेळ शास्त्रज्ञाशी कुजबुजल्या आणि मग म्हणाल्या, "पुढच्या पेरणीच्या आधी निवडलेलं एक पोतं आणा. आमच्या तपासणीत ते शुद्ध ठरलं तर हद्द मंजूर. नाही ठरलं तर परवानगी सगळीकडे लागू होईल. एकदा लागू झाली की मागे घेता येत नाही, हे लक्षात ठेवा."

त्यानंतर गल्लीत सगळं बदललं. भांडण झालं असतं तर परवडलं असतं, पण भांडण कोणी केलंच नाही. दळण घेऊन येणाऱ्या बायका यायच्या, डबा ठेवायच्या, आणि दळण होईपर्यंत बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. आधी गिरणीत बसून गावभरच्या चहाड्या सांगणाऱ्या त्याच. बारक्या तर दळायला दुसऱ्या टोकाच्या गिरणीत जाऊ लागला. गिरणीवाला पिठाने पांढरा होऊन एकटा बसून राही. बायको गेल्यावर घर सुनं झालं होतं. आता दारही सुनं झालं.

दुपारी गिरणी बंद करून तो आणि धाकटी निवडायला बसत. दाणे मोकळे करायचे, ताटात पसरायचे, पिवळे काढायचे, उरलेले पांढरे पोत्यात. फिकट पिवळा की मळका पांढरा असा संशय आला तर पिवळ्यात टाकायचा. धाकटी सारखी म्हणायची, "संशय आला की बाहेर. ताई असती तर हेच म्हणाली असती." गिरणीवाला मान हलवायचा. ताई असती तर हे ताट पुढ्यात आलंच नसतं, हे दोघांनाही कळत होतं.

एके दुपारी दारात सावली पडली. सगळं दार भरलं म्हणजे बारक्याच. मागे त्याची बायको.

"चष्मा आणलाय," बारक्या म्हणाला, कोणाकडेही न बघता. "मला बसायला खाली जमणार नाही. खुर्ची द्या."

"खुर्ची मोडेल," धाकटी म्हणाली.

"मोडली तर तुझ्या डोक्यावर बसतो."

एवढ्यावर मिटलं. बारक्याच्या बायकोने न बोलता धाकटीच्या पुढ्यातलं अर्धं ताट आपल्याकडे ओढलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, मग गल्लीतल्या बऱ्याचजणी. गिरणीत पुन्हा आवाज भरला. कोणाची सून कशी, कोणाचा जावई कसा, सगळं निघालं. उशिराबाईच्या आठवणी निघाल्या. एकजण म्हणाली, "मला वाटायचं, हिला सकाळी उठायचा कंटाळा." दुसरी म्हणाली, "मला वाटायचं, गिरणीवाला तिला सोडत नाही." सगळ्या हसल्या. गिरणीवालाही हसला, आणि मग आत जाऊन पाणी पिऊन आला.

पोतं भरलं तेव्हा ते भिंतीशी उभं करून सगळे बघत राहिले. पांढरंशुभ्र. वरून हात घातला तर कोपरापर्यंत पांढरं. बारक्याने छाती फुगवून विचारलं, "आता बोला!"

तपासणीवाल्या मुलीला धाकटीनेच बोलावलं. समितीकडे नेण्याआधी आपण एकदा बघून घ्यावं, उगीच तिथे फजिती नको. मुलीने पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे घेतले, कुटले, पट्टी बुडवली.

पहिली रेघ आली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मुलीने हात वर करून त्यांना थांबवलं.

पहिल्या रेघेखाली दुसरी उमटत होती. फिकट, आहे की नाही अशी. मग आहेच अशी. तिने दुसरी पट्टी बुडवली. तीच गत.

"पिवळा राहिला असेल एखादा," बारक्याची बायको म्हणाली.

मुलीने उरलेले दाणे कागदावर पसरले. सगळे डोळे त्या कागदावर वाकले. पिवळा एकही नव्हता.

"कंपनीचा पांढराच मिसळलाय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पण पांढऱ्याला तर अजून परवानगी नाही. आजूबाजूला तो कोणाकडे असायलाच नको."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि एकेक करून निघून गेल्या. मुलगीही गेली. जाताना म्हणाली, "काका, मी आज आलेच नव्हते असं समजा. कळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

बारक्या खुर्चीतच बसून होता. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं, आणि गिरणीवाल्याला तिच्या नजरेवरूनच कळलं.

"दादा," बारक्या म्हणाला. "साहेबाने पिशवी दिली होती. एवढीशी. म्हणाला, बघा तरी कसा येतो. कुंपणापाशी दोन सऱ्या टाकल्या. दोनच. तुमचं पेरून झालं आणि उजेड होता, म्हणून त्याच दिवशी टाकल्या."

"माझ्या कुंपणापाशी?"

"दोन्हीकडचं कुंपण एकच ना, दादा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पेरणीच्या दिवशी त्याने ज्याला मिठी मारली होती, त्या माणसाच्या बोटांना त्याच संध्याकाळी ते बी लागलं होतं.

"मी तुरुंगात जाईन का?" बारक्याने विचारलं. एवढा आडदांड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. "साहेब म्हणाला, कोणाला सांगू नका, एवढंच. त्याने सही वगैरे काही घेतली नाही. उद्या तो म्हणेल, मी दिलंच नाही. बी माझ्या शेतात. पकडणार मला."

गिरणीवाल्याने वाकून पोत्याचं तोंड बांधलं.

धाकटीने दुसऱ्या दिवशी मुलीला पुन्हा गाठून विचारलं, आता काय करता येईल. मुलीने सांगितलं ते असं. दाणा तपासायचा तर फोडावा लागतो, आणि फोडलेला दाणा उगवत नाही. म्हणून सगळे दाणे पेरायचे. रोप वर आलं की प्रत्येकाचं पान तपासायचं. दोन रेघा आल्या ते उपटायचं, एक आली ते ठेवायचं. बारक्याच्या दोनच सऱ्या होत्या, तेव्हा पोत्यातले बरेच दाणे चांगले असणार. पण कुठले ते पेरल्याशिवाय कळणार नाही. आणि समितीला शुद्ध पोतं हवंय ते पेरणीच्या आधी.

म्हणजे मुदत वाढवून मागायची. अध्यक्षबाई ऐकून घेणाऱ्या आहेत, देतीलही. पण कारण विचारतील. कारण सांगायचं तर दोन सऱ्या सांगाव्या लागतील, आणि त्या सऱ्या बारक्याच्या शेतात होत्या. न सांगावं तर पोतं नापास होईल, हद्द जाईल, आणि पांढऱ्यात पांढरा सगळीकडे येईल. मग तो कुणालाच निवडता येणार नाही.

धाकटी म्हणते, सांगून टाका. बारक्या काही म्हणत नाही. तो रोज दुपारी येतो, त्याच खुर्चीत बसतो, गिरणी झाडून देतो. गिरणीवाल्याला झाडणारा माणूस नको आहे, पण तो नको म्हणत नाही.

पोतं भिंतीशी उभं आहे. कुंपणापलीकडे लोकांनी जमीन नांगरून ठेवली आहे. गिरणीवाल्याने अध्यक्षबाईंकडे मुदत अजून मागितलेली नाही.